तोट्यातली गलबतं

९ मार्च

आज लोरेशी भांडले. जिन्यातच, दोन्ही दारं उघडी टाकून.

लोरे म्हणजे गेबहार्टची धाकटी बहीण. खालच्या मजल्यावर ती राहते, वरच्या मजल्यावर आम्ही. आता मी. तिचं म्हणणं असं, की या आठवड्याची झाडण्याची पाळी माझी आहे, पाळीची पाटी माझ्या दाराला टांगलेली आहे, शनिवार उलटून गेला आणि बर्फावर घसरू नये म्हणून टाकलेली खडी फुटपाथवर तशीच पडून आहे. मी म्हटलं, "तुझ्या भावाला पुरून महिना नाही झाला, लोरे."

ती म्हणाली, "खडीला ते माहीत नाही, बुर्गा."

मी दातओठ खात झाडून काढलं. तिच्या खिडकीखालची धूळ जरा जास्तच उडवली.

खडीवरून मी चिडलेली नाही हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे. जानेवारीच्या शेवटी जेवणात मसूर आणि स्पेट्झलेच्या शेवया होत्या. गेबहार्टनं चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "सोमवारपासून मी मशीनवर जाणार नाही." मी विचारलं, "का, सुट्टी आहे का त्यांना?" त्याची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून तीनदा रक्त धुऊन घ्यावं लागायचं. त्या कामाला सुट्टी नसते, आणि तरी मी सुट्टी आहे का असं विचारलं. लोरे आमच्याकडेच जेवत होती. ती म्हणाली, "बरं, गेबहार्ट." बस, एवढंच. मीठ मागितल्यासारखं "बरं".

ते "बरं" मी तिला कधीही माफ करणार नाही.

११ मार्च

संगणक विकायचा ठरवला. ओटमार म्हणतो, अजून चांगला आहे, कोणीही घेईल. ओटमार म्हणजे गेबहार्टचा विणकाम कारखान्यातला जोडीदार. दोघं मिळून यंत्रं दुरुस्त करायचे. मी त्याच कारखान्यात बाह्या शिवायचे.

विकण्याआधी आत काय आहे ते पाहावं म्हणून चालू केला. गेबहार्टचा खेळ समोर आला. डाव पुढे चालू ठेवायचा का, असं विचारलं. मी हो म्हटलं, फक्त बघायला. समुद्र दिसला, बेटं दिसली, लाल कौलांचं गाव दिसलं, आणि लगेच घंटा वाजायला लागली. बेकरीशेजारच्या गल्लीत आग लागली होती. माणसं मुंगीएवढी, हात वर करून पळत होती.

मला कोणाचंही घर जळताना बघवत नाही, चित्रातलंही नाही. मिळेल ते बटण दाबलं. शेवटी विहिरीवरची माणसं धावली. दोन घरं गेली, बाकीची वाचली. मी घामाघूम झाले होते.

मग ओटमारला फोन केला. तो म्हणाला, "अगं, तो डाव त्यानं मशीन सुरू झालं तेव्हा मांडला होता. कडक नियमांचा आहे. एकच नोंद राहते, मागे जाता येत नाही. झालेली चूक झालीच. समोर तीन प्रतिस्पर्धी असतात, त्यांना संगणकच चालवतो. तिन्ही गेले की 'विजय' म्हणून पाटी येते आणि डावाला कुलूप लागतं. मग ते गाव पुन्हा उघडत नाही."

"आणि तिन्ही गेले नाहीत तर?"

"तर चालू. कितीही वर्षं."

संगणक विकणार नाही. ती कौलं त्यानं एकेक करून बसवली आहेत. कोपऱ्यावर बेकरी, नदीकाठी विणकामाच्या शेड, वर चर्च. खालच्या अंगाला मासळीचा धक्का. असा धक्का आमच्या एबिंगेनमध्ये नाही, पण त्याला नेहमी हवा होता.

१३ मार्च

खेळ शिकायला बसले. आतच मदतीची पानं आहेत, पुस्तकाएवढी. मला शाळेनं आठवीत सोडलं. पुढचं सगळं मी गावच्या वाचनालयातून शिकले, एक कपाट संपलं की दुसरं. तीन दिवसांत ही पानं संपतील.

प्रतिस्पर्धी तिघं आहेत. कप्तान ब्राख्टला मोठी मिशी, किल्ला आणि तोफा. लेवेरेन्त्स व्यापारी आहे, अतिशय गोड बोलणारा. तिसरी मठाची प्रमुख ओडिलिया, पांढरं शिरोवस्त्र आणि चिमटलेले ओठ. अधूनमधून त्यांचा चेहरा कोपऱ्यात येतो आणि काहीतरी बोलतो.

ओडिलिया मला आधीपासून माहीत आहे. मशीनवरून आल्यावर गेबहार्ट राखेसारखा दिसायचा. स्वयंपाकघरात माझ्यासमोर दोन शब्द बोलायची ताकद नसायची. पण संगणकाच्या खोलीत बसला की भिंतीतून ऐकू यायचं: "सबुरीनं घ्या, ओडिलियाबाई, पीठ निघालंय." मला राग यायचा. खरं लिहायचं तर मत्सर वाटायचा. संगणकातल्या मठवालीला "बाई" म्हणायचं, आणि बायकोला "हं".

२३ मार्च

आज आवरलं. खिडक्या पुसल्यावर येतं तसं समाधान आलं.

गेबहार्टची गलबतं कुठून कुठे जातात याचा नकाशा बघितला आणि डोक्याला हात लावला. निम्म्या वाटा लाल म्हणजे तोट्यातल्या. आमचं धान्य भरून गलबत निघायचं, आणि आमच्याच गावाकडे न जाता थेट ब्राख्टच्या धक्क्यावर जायचं. दुसरं अवजारं घेऊन लेवेरेन्त्सकडे. दोन पीठ घेऊन ओडिलियाकडे. जवळजवळ फुकट. परत येताना रिकामी! शत्रूच्या घरी भाकरी पोचवायची आणि वर गलबताची डागडुजीही आपणच करायची. आजारपणात त्याचं लक्ष उडालं होतं हे मला कळायला हवं होतं. शेवटच्या वर्षात तो चुलीवर दूध ठेवून विसरायचा, मग हे काय.

त्या सगळ्या वाटा बंद केल्या. कोठारं भरली. माझी आई म्हणायची तशी, हिवाळ्याआधी तळघर भरलेलं असलं की झोप लागते. गावातल्या लोकांचे चेहरे हिरवे झाले. हिरवा म्हणजे खूश.

शिवाय त्या तिघांचं सारखं कोपऱ्यात येऊन बोलणं चालायचं: हे द्या, ते द्या, आमच्याकडे टंचाई आहे. त्यांचा आवाज बंद करायची सोय आहे. बंद केला. घर कसं शांत झालं.

२ एप्रिल

ब्राख्ट पळाला!

मी मेंढ्यांचे वाडे बांधत होते, आणि अचानक पडदाभर त्याचं थोबाड आलं. टोपी हातात. "मी हे पाणी सोडतो आहे. बेटं ज्याला हवी त्यानं घ्यावीत." आणि गेला. त्याचे झेंडे एकेक करून खाली आले.

मी त्याच्यावर एक गोळा टाकला नव्हता, त्याच्या वाटेला गेले नव्हते. त्याच्याकडे किल्ला आहे, बत्तीस तोफा आहेत, मी दुर्बिणीतून मोजल्या. एवढी मिशी, एवढ्या तोफा, आणि टोपी काढून चालता झाला? निदान एक शिवी तरी द्यायचीस. निदान एकदा तोफ उडवायचीस माझ्या दिशेनं. मी उठून पडद्यासमोर उभी राहिले आणि त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

खालून लोरेनं छताला झाडूचा दांडा ठोकला.

३ एप्रिल

ओटमार कंबरेच्या ऑपरेशननंतर विश्रांतीच्या मुक्कामाला गेला आहे, तिकडे गरम पाण्यात बसवतात. फोन लागला तो नेमका जेवणाच्या वेळी.

"असं होत नाही, बुर्गा. ब्राख्ट जात नसतो. चिवट आहे तो. तू काही केलंस का?"

"मी कशाला काही करू? मी फक्त आवरलं."

"आवरलं म्हणजे काय?"

"आवरलं म्हणजे आवरलं! पसारा होता, तो काढला."

मागे घंटा वाजली. तो म्हणाला, "मला बोलवताहेत, इथे उशीर झाला की सूप मिळत नाही. आलो की बघतो. तोवर फार आवरू नकोस."

पुरुषांचं हे कायमचंच आहे. बाई घरात शिरली म्हणजे काहीतरी बिघडलंच असणार.

१२ एप्रिल

खेळ बनवणाऱ्या कंपनीला फोन केला. सदोष माल असेल तर तक्रार करायलाच हवी. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर किट्टेल नावाच्या बाई आल्या. आवाज थकलेला, पण सभ्य.

मी म्हटलं, "तुमचा कप्तान लढाई न करता पळून गेला आहे. दुरुस्त करा."

त्या म्हणाल्या, "तो दोष नाही. पुढे काही आशा दिसली नाही की प्रतिस्पर्धी डाव सोडतो. तसंच ठरवलेलं आहे."

"आशा दिसली नाही म्हणजे? त्याच्याकडे तोफा होत्या!"

"तोफांवरून ठरत नाही. आतून सगळं कसं चाललंय त्यावरून ठरतं."

"आणि ठरवतं कोण?"

"तो स्वतःच."

मी विचारलं, "समोरच्याला विचारायची पद्धत नाही का तुमच्याकडे? इतकी वर्षं जो समोर बसलाय त्याला?"

त्या म्हणाल्या, "तुम्ही ठीक आहात ना?" मी फोन ठेवून दिला. मला ठीक आहात का विचारायला मी कोणाला फोन केला नव्हता.

"आशा दिसत नाही." डॉक्टरही हेच म्हणाले होते, मला बाजूला घेऊन, मऊ आवाजात: त्यांना पुढे आशा दिसत नाहीये, हा त्यांचा निर्णय आहे. मी म्हटलं होतं, तुमच्या मशीनवर लोक वीस वीस वर्षं काढतात, मी वाचलंय. मूत्रपिंडांवरचं वाचनालयातलं एकूण एक पुस्तक मी वाचलं होतं आणि नसलेली मागवून घेतली होती. रात्री त्याला वाचून दाखवायचे. अमुक गावचा सुतार मशीनवर असून डोंगर चढतो. अमुक बाई मशीनवर असून नातवंडं सांभाळते. तो डोळे मिटून ऐकायचा आणि म्हणायचा, "वाच, बुर्गा, तू छान वाचतेस."

तो डोंगर चढत नव्हता ही गोष्ट वेगळी. पण चढला असता.

१९ एप्रिल

आज लेवेरेन्त्स गेला. ब्राख्टपेक्षा वाईट, कारण तो आभार मानून गेला. "आपल्या शेजाराबद्दल मनापासून आभार. आपलं दार नेहमी उघडं होतं. आता निघतो." कमरेत वाकून नमस्कार केला हरामखोरानं.

आभार मानून जाणाऱ्यांचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. गेबहार्टनंही तेच केलं. शेवटच्या रविवारी माझा हात धरून म्हणाला, "सगळं छान झालं, बुर्गा." काय छान झालं? तुझे पाय सुजलेत, तू पाण्याचा घोट गिळू शकत नाहीस, आणि छान?

मी चप्पल काढून पडद्यावर मारली. पडद्याला काही झालं नाही, फुलदाणी गेली. छताला दांडा वाजला, मग जिन्यावर पावलं, मग लोरे दारात.

"काय फुटलं?"

"काही नाही."

"रोज इथे कोणावर ओरडतेस?"

"तुझ्या भावासारख्यांवर. मनात आलं की उठून चालू लागणाऱ्यांवर."

ती काचा गोळा करायला वाकली. वर न बघता म्हणाली, "तो उठून चालू लागला नाही. त्याला पहिल्याच हिवाळ्यात सोडायचं होतं."

"काय?"

"पहिल्याच हिवाळ्यात. पुढची दोन वर्षं तो तुझ्यासाठी गेला त्या मशीनवर. मी खालून ऐकायचे, बुर्गा. तू पुस्तक वाचायचीस आणि तो हो हो म्हणायचा."

मी तिला घराबाहेर काढलं. काचा तिच्या हातातच होत्या, त्यांच्यासकट. खोटं बोलते. भावाला "बरं" म्हणून मोकळी झाली, आता ते "बरं" धुऊन काढायला असलं काहीतरी रचते. त्याला सोडायचं असतं तर त्यानं मला सांगितलं असतं. मी समोरच होते.

३० एप्रिल

ओटमार आला. कंबर सरळ, हातात काठी आणि अंडी. "बघू तुझं आवरणं," म्हणाला. खुर्चीत बसला, नकाशा उघडला, आणि इतका वेळ तो न्याहाळत राहिला की मी कॉफी पुन्हा गरम केली.

"बुर्गा, पिठाची गलबतं कुठायत?"

"बंद केली. तोट्यात होती."

"आणि धान्याची? अवजारांची?"

"तीही. सगळी त्या तिघांना फुकट वाटत सुटली होती. आजारपणात गेबहार्टचं लक्षच..."

"लक्ष?" ओटमार माझ्याकडे वळला. "अगं, एवढं लक्ष त्यानं आयुष्यात कशावर ठेवलं नाही. तो या खेळात फार चांगला होता. इतका, की समोरचे टिकेनात. त्यांच्या बेटांवर काही पिकत नव्हतं, चांगली जमीन यानं आधीच घेतली होती. मग तो त्यांना खायला घालायला लागला. प्रत्येकाला काय कमी पडतंय ते बघून, मोजून, त्याच वेळेला. ब्राख्टला तर तो तोफांना लोखंडसुद्धा द्यायचा."

"कशाला?"

"नाहीतर डाव संपला असता ना. मी चिडवायचो त्याला, म्हणायचो, दुसऱ्याचं पोर मांडीवर घेऊन बसलायस. तो म्हणायचा, मशीनवर पडल्या पडल्या मी मोजतो, कोणाला किती लागेल. वेळ जातो."

मग त्यानं आवाजाचं बटण शोधलं. मी बंद केलेलं. ते दाबल्यावर ओडिलियाचे सगळे साठलेले निरोप एकामागून एक पडद्यावर आले. पीठ संपत आलं आहे. पीठ संपलं आहे. माझी माणसं गाव सोडत आहेत. आपण रागावला आहात का? अर्धं गाव गेलं. आपण आहात का?

ओटमार म्हणाला, "ही एकच राहिलीय. हिच्याकडे एक बेट आणि थोडी घरं. ही गेली की विजय."

मी त्याला म्हटलं, तू आता घरी जा. तो गेला. अंडी टेबलावर तशीच आहेत.

दोघांना मी उपाशी मारलं आणि वर त्यांना भेकड म्हटलं.

आणि गेबहार्ट, तू! तू तिघांचं मोजत बसायचास, कोणाला किती पीठ लागेल. मला एकदा सांगायचं होतंस. भिंतीच्या पलीकडेच होते मी. एकदा हाक मारून म्हणायचं, बुर्गा, ये, बघ, हे असं चालवायचं असतं. शिकले असते. मी काय शिकले नाही आजवर? मला एक गोष्ट धड सांगितली नाहीस, आणि मग चमचा खाली ठेवलास.

१ मे

सकाळपासून बसले आहे. पिठाची दोन गलबतं सोडली. वाटेत एक वादळात अडकलं. ओडिलियाची घरं माझ्या डोळ्यांदेखत रिकामी होत होती. "थांब," मी तिला म्हणत होते, "थांब, मूर्ख बाई, पीठ निघालंय." स्वतःचाच आवाज ऐकला आणि भिंतीकडे बघितलं.

पोचलं. एका धुराड्यातून धूर निघाला. तिचा चेहरा कोपऱ्यात आला, तसाच चिमटलेला. "उशीर झाला, पण ठीक आहे." उपकार बघा! मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि त्याचबरोबर लाकूडही पाठवावंसं वाटलं. लाकूड पाठवलं.

११ मे

माझ्या गावात मासळी कमी पडते आहे, लोकांचे चेहरे पिवळे झालेत. पडू दे कमी. खाऊन खाऊन माजले होते.

ओडिलियाकडे आता शाळा आहे. लोखंडही मागते आहे. देते.

या आठवड्याची पाळी पुन्हा माझी होती. सकाळी झाडू घेऊन खाली गेले तर लोरे झाडत होती. माझ्या पाळीत. असं या घरात कधी झालेलं नाही. गल्लीत कोणी पाहिलं असेल तर महिनाभर बोलतील.

मी म्हटलं, "पाटी माझ्या दाराला आहे."

"माहीत आहे."

झाडू तिच्या हातातून घेतला नाही. पायरीवर बसले. विचारलं, "खरंच पहिल्याच हिवाळ्यात?"

"हो."

"तुला सांगितलं आणि मला नाही."

"मी म्हटलं होतं त्याला, बुर्गाला सांग. पुन्हा पुन्हा म्हटलं."

"मग?"

लोरे झाडत राहिली. म्हणाली, "मग तो म्हणायचा, सांगेन, अजून ती वाचतेय. पुस्तक संपू दे."

मी एक संपलं की दुसरं आणायचे.

वर आले. आज खेळाला बसले नाही. चिडलेच आहे, पण आज नेमकी कोणावर ते समजत नाही. लोरेवर नाही, एवढं कळलं. त्यानं जास्तच राग आला.

२४ मे

दुपारी दोनला ओडिलियानं युद्ध पुकारलं.

माझ्यावर! जिनं तिला पीठ दिलं, लाकूड दिलं, लोखंड दिलं तिच्यावर! तो चिमटलेला चेहरा पडदाभर आला: "या पाण्यात आपल्या दोघींना जागा नाही. आपली बेटं माझ्या स्वाधीन करा, नाहीतर मी घेईन." आणि मागे धुकं फाटून तिची जहाजं. माझ्याच लोखंडाच्या तोफा बसवलेली. मठवाली!

पहिल्याच फटक्यात मासळीचा धक्का गेला. गेबहार्टचा धक्का. मी उभी राहिले आणि इतक्या जोरानं ओरडले, की खालून दांडासुद्धा वाजला नाही, लोरे थेट वरच आली. हाताला पीठ, कमरेला एप्रन.

"काय झालं? पडलीस का?"

"ती आली! लढायला आली! बघ, बघ तिची हिंमत!"

लोरेनं चष्मा लावला. आयुष्यात तिनं त्या पडद्याकडे नीट बघितलं नव्हतं. "ही कोण?"

"ओडिलिया. मरायला टेकली होती. मी खाऊ घालून उभी केली."

"आणि आता तुला मारतेय?"

"मारतेय कसली, प्रयत्न करतेय. तू ती खुर्ची घे, तुझी नजर चांगली आहे. पांढरं शीड दिसलं की सांग."

"डावीकडे," लोरे म्हणाली. "डावीकडे, बुर्गा! तुझ्या चर्चवर येतेय. मठाची बाई असून चर्चवर गोळे टाकते, लाज नाही वाटत?"

"तिला सांग."

"लाज नाही वाटत का गं भवाने?" लोरे पडद्यावर ओरडली. शेजारच्यांची खिडकी उघडल्याचा आवाज आला.

विणकामाच्या शेड जळाल्या. बेकरी वाचली. मी दोन जहाजं खाडीत दडवून ठेवली होती, ती पाठीमागून सोडली, तेव्हा तिचं सगळ्यात मोठं जहाज बुडालं, आणि आम्ही दोघींनी एकदम टेबलावर हात आपटले. पण तिची अजून येत होती. मी तिला फार चांगलं खाऊ घातलं होतं.

मधेच पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटी पाटी उघडली. ती मी आजवर पाहिली नव्हती; ती हरायला लागल्यावरच येते बहुतेक. लोरेनं वाकून वाचली.

"डाव सोडून द्यायचा का? हो, नाही." तिनं माझ्याकडे बघितलं. "हे काय आहे?"

"ते तुमच्या घराण्याचं बटण आहे," मी म्हटलं. "आमच्या माहेरी असलं काही नसतं."

बोलून गेले. लोरेचे पिठाचे हात मांडीवर होते. वाटलं, आता उठून जाईल, आणि या वेळी दांडाही वाजवायची नाही. मी "नाही"वर बोट ठेवलं आणि दाबलं, पाटी गेली.

मग तिनं चष्मा नाकावर वर सरकवला.

"उत्तरेकडून अजून दोन येताहेत," ती म्हणाली. "बघत काय बसलीस?"